बोटीच्या केबिनमध्ये लाकडी कपाट: साच्यापासून वार्निशपर्यंत

घरात कपाट करणाऱ्या सुताराला भिंत सरळ मिळते, जमीन सपाट मिळते आणि कोपरा थोडा हुकला असेल तर वरून पट्टी मारून झाकता येतो. बोटीत यातलं काहीच हाताशी नसतं. बाजूचा बाक नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, मागे जाताना बदलतो, वरून खाली येतानाही बदलतो. बोट पाण्यात असेल तर पाणसळ निरुपयोगी ठरते. त्यामुळे इथे कामाचा क्रमच उलटा आहे. आधी बोटीचा आकार उचलायचा, मग त्या आकारातून कपाट काढायचं. आधी खोका करून मग तो बोटीत बसवायला गेलात की मागे मोठी फट राहते, जागा वाया जाते आणि ते कपाट पहिल्या खवळलेल्या समुद्रात करकरायला लागतं.

उदाहरणासाठी एकच कपाट घेतो: साधारण ३० फुटी फायबरच्या केबिन-बोटीत, डाव्या अंगाला, स्वयंपाकाच्या ओट्याखालचं. लांबी १.२ मीटर, दोन दारं, तीन खण. ओट्यापाशी खोली ५५ सेंमी आणि तळाशी जेमतेम २५, कारण बोटीचं कवच, म्हणजे हल, खाली आत वळत जातं. ट्रॉलरच्या केबिनमध्ये भिंती बऱ्याच सरळ असतात, पण बाकी सगळं तिथेही लागू पडतं. लाकडी बोटीसाठी पद्धत जिथे बदलते, तिथे ते सांगितलं आहे.

आधी हात कुठे पोचायला हवा ते ठरवा

कागदावर दारं-खण आखण्याआधी केबिनमध्ये टॉर्च घेऊन बसा आणि कपाटाच्या मागे काय काय जाणार आहे त्याची यादी करा. समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह, त्यांच्या नळ्या आणि क्लॅम्प, वायरिंग, डेकवरच्या सामानाचे खालून घट्ट केलेले नट, शिडाची बोट असेल तर डोलकाठीच्या तारा जिथे हलला बांधल्या आहेत त्या पट्ट्या. यातलं प्रत्येक ठिकाण असं राहिलं पाहिजे, की पाना धरलेला हात तिथपर्यंत जाईल. व्हॉल्व्हच्या बाबतीत तर हत्याराशिवाय आणि अंधारातही. नळी फुटली तर स्क्रू काढत बसायला वेळ नसतो. म्हणून व्हॉल्व्हपुढे साधं उघडणारं दार ठेवा आणि बाकी ठिकाणी चार स्क्रूंनी निघणारी फळी.

दुसरी गोष्ट गॅसची. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, केबिनच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. सिलिंडर केबिनमधल्या कपाटात ठेवूच नका, जाळीचं दार असलं तरीही. त्याची जागा बाहेर डेकवर, तळाला भोक असलेल्या आणि ते भोक थेट बोटीबाहेर काढलेल्या बंद पेटीत. पेट्रोलच्या कॅनलाही हाच नियम.

मग वजनाचा विचार करा. तांदूळ, पाण्याचे कॅन, अवजारं असं जड सामान खाली आणि बोटीच्या मध्याजवळ. वरच्या कप्प्यात हलकं. सगळं वजन एकाच अंगाला आलं तर बोट कायमची तिकडे कललेली राहते, तेव्हा समोरच्या अंगाला काय आहे तेही पाहून घ्या.

आणि केबिनच्या दाराचं माप घ्या. लहान बोटींत ते दोन फूटही रुंद नसतं. बाहेर जोडलेलं कपाट आत जाणार नाही, म्हणजे फळ्या सुट्या नेऊन आतच जोडायच्या. हे आधीच ठरवलं की सांध्यांची रचनाही त्याप्रमाणे करता येते.

प्लाय, साग आणि स्क्रू

दुकानात नुसतं 'मरीन प्लाय' मागितलं की पुष्कळदा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, प्लाय पुढे येतो. त्यावर आयएस ३०३ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. तो घरच्या स्वयंपाकघरासाठी ठीक आहे. बोटीसाठी शीटवर आयएस ७१० हा शिक्का बघा. या प्लायचा डिंक उकळत्या पाण्यात ७२ तास टिकावा लागतो. शिक्क्यावरही पूर्ण विसंबू नका. तळहाताएवढा तुकडा मागून घ्या, पातेल्यात काही तास उकळा, कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा उकळा. थर सुटले किंवा कडेला फुगवटा आला तर ती शीट घेऊ नका. कापलेली कडही निरखा. आतल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर तिथे पुढे पाणी साचणार. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि ब्लॉकबोर्ड बोटीत आणूच नका.

जाडीचा मोह आवरा. १२ मिमीची ८ बाय ४ फुटी शीट साधारण २५ किलो भरते, १८ मिमीची त्याच्या दीडपट. या कपाटाला उभ्या भिंती आणि ओटा १२ मिमीचा, आतले कप्पे ९ मिमीचे आणि खणांचे तळ ६ मिमीचे पुरतात. ताकद जाडीतून कमी आणि कोपऱ्यांतल्या सांध्यांतून जास्त येते.

दर्शनी चौकट, कडपट्ट्या आणि कठडे सागाचे करा. साग महाग आहे, पण इथे त्याला पर्याय शोधण्यात अर्थ नाही. तो कमी फुगतो, कमी आकसतो, त्यात स्वतःचं तेल असतं आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याने बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. बल्लारशाचा साग चांगला, पण कुठलाही घेतलात तरी कडेचा पांढुरका भाग घेऊ नका. तेल आणि टिकाऊपणा गाभ्यात असतो. लाकूड पुरतं वाळलेलं हवं आणि आणल्यावर काही आठवडे बोटीच्या जवळच, सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा. किनाऱ्याची दमट हवा त्याने आधीच पचवली की कपाट झाल्यावर ते फारसं हलत नाही.

स्क्रू ३१६ ग्रेड स्टेनलेसचे. ३०४ दिसायला तसेच असतात, स्वस्तही मिळतात, पण खाऱ्या हवेत त्यांच्यावर तांबूस डाग येतात. फॉल्स सीलिंगचे काळे स्क्रू एका पावसाळ्यात गंजून डोकी सोडतात. पितळी स्क्रूमधलं जस्त खारं पाणी खाऊन टाकतं. दिसायला तो शाबूत असतो आणि पिळला की तुटतो. पितळ फक्त मुठी-कड्यांपुरतं ठेवा.

साचा उचलणं

सगळ्या कामात सर्वात जास्त वेळ इथे द्या.

बोट किनाऱ्यावर टेकूंवर असेल तर आधी तिला समपातळीत आणा. हलवर रंगवलेली पाणरेषा हाच खरा आधार. पारदर्शक नळीत पाणी भरून पुढची-मागची आणि डावी-उजवी पाणरेषा ताडून पाहा, टेकू ठोकून फरक काढा. मग केबिनमध्ये पाणसळ आणि ओळंबा नेहमीसारखे वापरता येतात. बोट पाण्यात असेल तर ही दोन्ही अवजारं सोडून द्या आणि बल्कहेड, म्हणजे केबिनची आडवी भिंत, व केबिनची जमीन यांच्यापासून मापं घ्या. डोळ्याला आणि पायाला त्याच रेषा सरळ वाटतात, त्यामुळे कपाट त्यांच्याशी समांतर हवं.

आता खाचांची पट्टी बनवा. ४ मिमी प्लायची, हातभर लांब आणि दोन बोटं रुंद. एक टोक अणकुचीदार करा. एका कडेला असमान अंतरावर खाचा पाडा आणि प्रत्येक खाचेला आकडा द्या. अंतर असमान ठेवायचं, म्हणजे पट्टी परत ठेवताना चूक होत नाही.

कपाटाची एक उभी भिंत जिथे यायची, नेमक्या त्याच पातळीत हार्डबोर्डचा एक तुकडा उभा करा. तो हलला टेकायला नको, हलपासून थोडा अलीकडेच असू दे. दोन पट्ट्या आणि क्लॅम्प लावून असा बांधा, की हात लागला तरी हलणार नाही. पट्टी हार्डबोर्डवर सपाट ठेवा, टोक हलला टेकवा, पट्टीची खाचांकडची कड पेन्सिलने हार्डबोर्डवर आखा. आखताना निदान दोन खाचांचा आकार रेषेत येऊ द्या आणि त्यांचे आकडे लिहा. मग टोक खाली सरकवा, पुन्हा आखा. सरळ भागात १० ते १५ सेंमीवर एक बिंदू पुरे. जिथे हल झपकन वळतं, तिथे दर ४-५ सेंमीवर घ्या. वरच्या कोपऱ्यात आणि जमिनीपाशी एकेक बिंदू हवाच.

हार्डबोर्ड सोडवून प्लायच्या शीटवर ठेवा. पट्टी प्रत्येक आखलेल्या रेषेवर, खाचेला खाच जुळवून ठेवा आणि टोकापाशी प्लायवर टिंब करा. सगळी टिंबं झाली की एक लवचिक पट्टी त्यांना लावून वक्र रेषा काढा. टिंब काटेकोर पडलं असेल तर फरक एक-दोन मिलिमीटरच्या वर जात नाही. एखादं टिंब रेषेपासून लांब पडलं, तर बोटीत जाऊन तेवढाच बिंदू पुन्हा घ्या. वक्र रेषा त्याच्याकडे ओढू नका.

प्रत्येक उभ्या भिंतीसाठी हे वेगळं करायचं. १.२ मीटरच्या लांबीत हलचा बाक बदललेला असतो. डाव्या भिंतीचा साचा उजवीकडे चालणार नाही.

फायबरच्या बोटीत रेषेपेक्षा ५-६ मिमी आत कापा. प्लायची कडक कड हलला थेट टेकली, की तेवढ्याच जागी हलला लवता येत नाही. बाहेरून तिथे उंचवटा दिसू लागतो आणि काही वर्षांनी जेलकोटला, म्हणजे हलच्या बाहेरच्या चकचकीत थराला, बारीक चिरा जातात. ही फट मऊ फोमच्या पट्टीने भरायची. लाकडी बोटीत मात्र फायबरने चिकटवायचं नाही. आतल्या फ्रेमना सागाच्या पट्ट्या स्क्रूने लावा आणि कपाट त्या पट्ट्यांना जोडा. बाहेरच्या फळ्यांना स्क्रू मारू नका, आणि फळ्या व कपाट यांच्यामध्ये वारा खेळता ठेवा.

कापणं आणि जोडून पाहणं

कापल्यावर प्रत्येक भाग आधी कोरडाच आत नेऊन उभा करून बघा. दार पूर्ण उघडतं का, माणूस समोर वाकून बसला तर पाय कुठे जातात, व्हॉल्व्हचा दांडा फिरतो का, हे याच वेळी दिसतं. समोरच्या तळाला ७-८ सेंमी उंच आणि तेवढीच खोल खाच पायांसाठी सोडा. ओट्याशी उभं राहणाऱ्याला तोल सांभाळायला ती लागते.

बाहेर आलेला प्रत्येक कोपरा गोल करा. केबिनमध्ये माणूस कधीतरी कपाटावर आपटणारच आहे. कोपऱ्यात सागाचा जाड उभा तुकडा घालून त्याची धार निदान २५ मिमी त्रिज्येने रंध्याने उतरवा. ओट्याचा कठडा नुसता भांडी अडवायला नसतो. हात घालून धरता येईल असा केला, की तोच आधार होतो. उंची ३० ते ४० मिमी, आणि कोपऱ्यांत बोटभर फट सोडा, म्हणजे ओटा पुसताना पाणी आणि कण बाहेर काढता येतील.

कपाटाच्या तळाशी पाणी वाहून जायला भोकं ठेवा. गळती होणारच, कधी डेकवरून, कधी ओल्या रेनकोटचं पाणी. ते बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या खोलगट जागेत, उतरलं पाहिजे, कपाटात साचता कामा नये. प्लायची प्रत्येक कापलेली कड आणि प्रत्येक भोकाची आतली बाजू इपॉक्सीने, म्हणजे रेझीन आणि हार्डनर मिसळून होणाऱ्या पक्क्या डिंकाने, तीन वेळा भिजवा. पहिला हात कड पिऊन टाकते, दुसऱ्याने थोडं थांबतं, तिसऱ्याने ती बंद होते. शीटच्या पृष्ठभागापेक्षा कडेतून कितीतरी जास्त पाणी आत जातं, आणि बोटीतला प्लाय कुजतो तो नेहमी कडेपासूनच.

सागाला डिंक लावण्याआधी सांध्याची जागा ॲसिटोनने पुसा आणि लगेच चिकटवा. वेळ गेला तर तेल परत वर येतं आणि पकड कमी होते.

हलला चिकटवणं

आपल्याकडे फायबरच्या कामात सर्रास पॉलिएस्टर रेझीन आणि काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांची मॅट वापरतात. हलसाठी ते चालतं. लाकूड हलला जोडायला इपॉक्सी घ्या, पॉलिएस्टरची लाकडावर पकड त्यामानाने कच्ची असते. आणि इपॉक्सीबरोबर ती मॅट वापरू नका. तिच्या धाग्यांना धरून ठेवणारा डिंक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीमध्ये विरघळत नाही. त्यामुळे मॅट नीट भिजत नाही. काचेच्या धाग्यांच्या, शिवलेल्या दुपदरी कापडाच्या पट्ट्या आणा, १० आणि १५ सेंमी रुंद.

फळी जागेवर उभी करून दोन्ही अंगांनी हलवर पेन्सिल फिरवा. फळी काढा. रेषेच्या दोन्हीकडे हातभर नाही, पण ९-१० सेंमी पट्टा ४० नंबर पेपरने घासा, रंग आणि चकाकी पूर्ण जाईपर्यंत. प्लायचाही तेवढाच पट्टा घासा. मास्क आणि चष्मा लावूनच, कारण फायबरची धूळ फुप्फुसांत बसते. धूळ ओढून घ्या, ॲसिटोनने पुसा, एकाच दिशेने आणि दर वेळी नव्या फडक्याने.

फोमची पट्टी लावून फळी उभी करा, ओळंब्याने तपासा आणि घट्ट इपॉक्सीचे चार-पाच ठिपके देऊन रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी सांध्याच्या जागी पातळ इपॉक्सीचा एक हात फिरवा. मग इपॉक्सीत सिलिका पूड मिसळत जा, चक्क्यासारखं घट्ट होईपर्यंत: चमचा उलटा केला तरी पडायला नको. हे मिश्रण कोपऱ्यात भरून १२ ते १५ मिमी त्रिज्येच्या गोल टोकाच्या लाकडाने ओढा, म्हणजे कोपऱ्याला गुळगुळीत गोलाई येते. बाजूला सांडलेलं लगेच खरवडा, वाळल्यावर ते घासायला तिप्पट वेळ जातो.

गोलाई घट्ट व्हायला लागली पण नख अजून उमटतं, तेव्हाच आधी १० सेंमीची आणि तिच्यावर १५ सेंमीची पट्टी ठेवा, निम्मी हलवर, निम्मी प्लायवर. ब्रशने दाबत भिजवा, लहान रोलरने हवा बाहेर काढा. पांढरी जागा दिसली तर तिथे इपॉक्सी पोचलेलं नाही. कापड पूर्ण भिजलं की ते जवळजवळ पारदर्शक दिसतं. फळीच्या दोन्ही बाजूंनी असंच करा.

हवामान इथे मोठी अडचण करतं. मे महिन्यात कोकणात इपॉक्सी हातात घेईपर्यंत तापायला लागतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ जवळपास निम्मा होतो. मंद हार्डनर मागा, एका वेळी १५०-२०० ग्रॅमपेक्षा जास्त मिसळू नका आणि मिसळलेलं उथळ ताटलीत पसरून ठेवा. खोल डब्यात राहिलं तर ते धूर सोडायला लागतं. प्रमाण वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने हार्डनर वाढवल्याने ते लवकर वाळत नाही, कच्चंच राहतं. पावसाळ्यात वेगळाच त्रास: वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट, चिकट थर येतो. पेपर मारण्याआधी तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा. न धुता घासलात तर तो आत चोळला जातो आणि वरचा रंग सोलून निघतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर असतात, म्हणून बरेच जण हीच दुरुस्ती त्या दिवसांत धरतात. साचे उचलणं, कापणं, चौकटी जोडणं हे तेव्हा शेडमध्ये खुशाल करा. चिकटवणं आणि वार्निश ऑक्टोबरनंतर ठेवता आलं तर ठेवाच.

दारं, खण, कड्या

अख्ख्या सागाची रुंद फळी दार म्हणून लावू नका. ऑगस्टमध्ये फुगून अडकते, मार्चमध्ये आकसून फट दाखवते. सागाची चौकट करा, तिच्या आत खाच पाडा आणि ६ मिमी प्लायची किंवा वेताच्या जाळीची फळी त्या खाचेत सुटी बसवा, डिंक न लावता. वेताची जाळी मला सर्वात आवडते, कारण तिच्यातून वारा जातो. प्लाय घातलात तर वर आणि खाली ३० मिमीची भोकं किंवा झडपा ठेवा. बंद कपाटात आठवड्याभरात कपड्यांना बुरशी लागते.

चुंबकाची आणि गोळीची कडी समुद्रात टिकत नाही. बोट कलली की आतलं सामान दाराला ढकलतं आणि ती सुटते. दाबून उघडणारी, आत धातूची जीभ असलेली बटन-कडी घ्या, स्टेनलेस किंवा पितळी. भोकात बोट घालून उघडायची कडी स्वस्त असते, पण अचानक झोका बसला तर बोट मोडायची भीती असते, म्हणून शक्यतो टाळा.

खणांना बॉल-बेअरिंगचे चॅनेल लावू नका, ते खाऱ्या हवेत गंजून बसतात. सागाच्या पट्ट्यांवर सरकणारे खण करा आणि पट्ट्यांना मेणबत्ती चोळा. पट्टीच्या पुढच्या टोकाला ८ ते १० मिमीची खाच पाडा, म्हणजे बंद खण खाली बसतो आणि समोरच्या चौकटीमागे अडकतो. उघडताना जरा वर उचलून ओढायचा. पाठीमागेही खुंटी ठेवा, नाहीतर भरलेला खण पूर्ण बाहेर येऊन पायावर पडतो. शक्य असेल तिथे खण नाळेकडे किंवा सुकाणूकडे उघडणारे ठेवा. आडवे उघडणारे खण बोट कलली की आपोआप उघडायला बघतात. आपल्या कपाटात जागेमुळे ते आडवेच येणार, तेव्हा खाच नीट खोल हवी.

शेगडीच्या बाजूच्या भिंतीवर स्टेनलेसचा पत्रा लावा आणि पत्रा व लाकडामध्ये १० मिमी मोकळी हवा ठेवा. नुसता पत्रा चिकटवला तर उष्णता तशीच लाकडात जाते.

शेवटचा हात

कपाटाच्या आतून पांढरा किंवा फिकट रंग द्या. रात्री टॉर्चच्या उजेडात वस्तू चटकन दिसतात आणि गळतीचा डागही लगेच लक्षात येतो. बाहेरून सागावर सॅटिन पॉलियुरेथेन वार्निशचे तीन-चार हात, प्रत्येक हातानंतर ३२० नंबर पेपर. जवसाचं तेल बंद केबिनमध्ये लावू नका, त्यावर बुरशी येते. जिथे खिडकीतून थेट ऊन पडतं, तिथे इपॉक्सी उघडं राहता कामा नये; ते पिवळं पडून ठिसूळ होतं, वरून वार्निश हवंच. स्क्रूंच्या डोक्यांवर लाकडी टिकल्या बसवताना त्यांच्या रेषा दाराच्या रेषांशी जुळवा आणि त्या वार्निशनेच चिकटवा. पुढे स्क्रू काढायची वेळ आली तर टिकली पटाशीने सहज निघते.

सगळं लावून झालं की कपाट खरं सामान भरून समुद्रात न्या, थोडा वारा असलेल्या दिवशी. कुठे करकरतं, कुठली कडी सुटते, कुठली भांडी आपटतात, ते ऐका आणि परत आल्यावर तिथे फेल्टची पट्टी किंवा आणखी एक स्क्रू द्या. पहिल्या महिन्यात बिजागऱ्यांचे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. बोट पावसाळ्यासाठी शाकारताना खण काढून घरी न्या, दारं खुंटी लावून उघडी ठेवा आणि आतले पडदे, गाद्या, कागद काहीही मागे ठेवू नका.